लेकराने काय जपले, ते आधी पाहावे

ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न इतर पालकांच्याही कामाचा आहे, म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा दहावीला चांगले गुण मिळवून बीड जिल्ह्यातल्या केजहून लातूरला अकरावी विज्ञान शाखेत गेला, तिथे खासगी वसतिगृहात राहतो आणि ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करतो. श्रावणात त्याने मेसचे ३,००० रुपये खोलीतल्या एका मित्राला दिले आणि घरी मात्र पैसे हरवल्याचे सांगितले. खरी गोष्ट तुम्हाला दोन महिन्यांनी दुसऱ्याच एका मुलाच्या आईकडून कळली. आता दिवाळी तोंडावर आली असताना तो म्हणतो की त्याला डॉक्टर व्हायचे नाही, परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकायचे आहे. नात्यातल्या कोणीतरी तुम्हाला ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ असे ऐकवले आणि ते तुमच्या मनाला लागले. तुम्ही विचारता की आम्ही तर चांगले संस्कार केले होते, मग हे निर्णय आले कुठून, आणि आता आम्ही काय करावे.

बीड आणि लातूर भागात मी गेली चोवीस वर्षे या वयाच्या मुलामुलींसोबत समुपदेशनाचे काम करतो. त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की या दोन्हींपैकी कोणताही निर्णय मूल्ये नसल्यामुळे झालेला नाही. पहिल्या प्रसंगात दोन मूल्ये एकमेकांना भिडली आणि त्यातले एक मागे पडले. दुसऱ्यात नेमके कोणते मूल्य काम करते आहे, किंवा ते मूल्य आहे की भीती, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. बहुधा त्यालाही नाही.

पैशांचा प्रसंग आधी घेऊ. तुम्हीच लिहिले आहे की त्या मित्राच्या घरून दोन महिने पैसे आले नव्हते आणि मेसवाल्याने त्याचे ताट बंद करण्याची भाषा केली होती. तुमच्या मुलासमोर त्या संध्याकाळी दोन गोष्टी होत्या. घरी खरे सांगणे ही एक, आणि मित्राच्या घरची अडचण चारचौघांत न जाणे ही दुसरी. खरे सांगितले तर आई वडिलांना सांगेल, वडील गावातल्या कोणाला तरी बोलतील आणि आठवड्याभरात मित्राच्या वडिलांपर्यंत ती गोष्ट पोचेल, हा त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. आपल्याकडे गोष्टी अशाच पोचतात. खोटे बोलणे वाईट हे त्याला तेव्हाही माहीत होते, पण मित्राची लाज राखणे त्याला त्या क्षणी अधिक मोलाचे वाटले.

शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये माणसांच्या मूलभूत मूल्यांची एक मांडणी केली. त्यात दहा मूल्ये एका चक्रात ठेवलेली आहेत. शेजारची मूल्ये एकमेकांना बळ देतात आणि समोरासमोरची एकमेकांना ओढून धरतात. परंपरा, सुरक्षितता, मोठ्यांच्या अपेक्षेप्रमाणे वागणे ही एका बाजूला, तर स्वतःचा मार्ग स्वतः ठरवणे आणि नवे काही अनुभवणे ही त्यांच्या समोर येतात. सोळाव्या वर्षी ही ओढाताण वाढते, हे कोणत्याही घरात दिसते. मात्र मला त्या मांडणीतली दुसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. तिच्यात प्रामाणिकपणा आणि निष्ठा ही दोन्ही ‘आपल्या माणसांचे भले’ या एकाच मूल्याखाली येतात, म्हणजे ती सख्खी भावंडे आहेत. आणि तरीही लातूरच्या त्या खोलीत ती एकमेकांसमोर उभी राहिली. ज्याची मूल्ये पक्की आहेत त्याला पेच पडत नाही असे आपण समजतो. वास्तविक ज्याला कशाचेच मोल नाही त्यालाच पेच पडत नाही.

म्हणून ‘खोटं का बोललास’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. त्या प्रश्नाला मुलाकडे बचावाशिवाय दुसरे उत्तर नसते. ‘तेव्हा तुला काय जपायचं होतं’ असे विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा. त्यानंतर खोट्याबद्दलही स्पष्ट बोला, कारण तेही झाकून जाऊ नये: दोन महिने आम्ही हरवलेल्या पैशांची काळजी केली, मेसवाल्यावर संशय घेतला, ही त्या खोट्याची किंमत होती आणि ती आम्ही मोजली. मग त्याला तिसरी वाट दाखवा. ‘आई, पैसे मी एकाला दिले आहेत, कोणाला ते मी सांगू शकत नाही, पण हरवले नाहीत’ हे वाक्य त्याला बोलता आले असते. या एका वाक्यात मित्राची लाजही राहते आणि घरचा विश्वासही राहतो. असे वाक्य असू शकते हेच पुष्कळ मुलांना ठाऊक नसते, कारण आपण त्यांना ‘खरे बोला’ हे शिकवतो, पण खरे बोलणे महाग पडते तेव्हा ते कोणत्या शब्दांत बोलायचे हे शिकवत नाही. आणि त्याने असे म्हटल्यावर तुम्हीही ‘कोणाला’ म्हणून खोदत बसणार नाही, याची खात्री त्याला असली पाहिजे.

आता संस्कारांविषयी. मराठीत ‘मूल्य’ या शब्दाचा साधा अर्थ किंमत असा आहे, आणि मला तो अर्थ या कामात फार उपयोगी पडतो. संस्कार आपण मुलाला देतो. ते त्याच्याकडे आयते येतात. त्याच गोष्टीसाठी मुलाने स्वतः काही सोडले, काही सोसले, की मग ती त्याचे मूल्य होते. कॉपी करू नये हा संस्कार सगळ्यांवर असतो. शेजारचा मुलगा उत्तरे मागत असताना, आणि न दिल्यास उद्या वर्गात एकटे पडावे लागेल हे दिसत असताना जो पेपर झाकतो, त्याचे ते मूल्य झाले. तुमच्या मुलाने ३,००० रुपये दिले तेव्हा त्यानेही किंमत मोजली. पुढचा महिनाभर तो एकवेळच जेवला असे तुम्ही लिहिले आहे. हे त्याने कोणाला दाखवण्यासाठी केले नव्हते. त्यामुळे आडात पाणी आहे की नाही, ही शंका तुम्ही मनातून काढून टाकावी.

आयता संस्कार तपासला गेला नाही तर काय होते, हे मी माझ्या शिक्षकी पेशाच्या काळात पाहिले आहे. एक अतिशय गुणी मुलगा माझ्या वर्गात होता. वडील म्हणाले अभियांत्रिकी, तर तो ‘हो’ म्हणाला. कोणती शाखा, तेही वडिलांनी ठरवले आणि तो ‘हो’ म्हणाला. त्याचे उदाहरण मी इतर मुलांना देत असे, आणि ते देण्यात माझी चूक झाली, असे मला आज वाटते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला तो घरी परत आला आणि कित्येक महिने खोलीबाहेर पडला नाही. त्याला काय हवे आहे हा प्रश्न त्याला विसाव्या वर्षापर्यंत कोणी विचारला नव्हता, आणि विचारला तेव्हा उत्तर शोधायची सवयच त्याला उरली नव्हती. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये किशोरांच्या स्व-ओळखीच्या चार अवस्था सांगितल्या. त्यातली एक हीच आहे: शोध न घेता दुसऱ्याने दिलेली बांधिलकी स्वीकारून मोकळे होणे. आपल्या समाजात तिला शहाणपण म्हणतात. दुसरी अवस्था प्रश्न विचारण्याची, चाचपडण्याची असते, आणि तिला आपण उद्धटपणा म्हणतो. ‘मला डॉक्टर व्हायचं नाही’ असे तोंडावर सांगणारा तुमचा मुलगा या दुसऱ्या अवस्थेत आहे. ती घरातल्यांना त्रासाची वाटते, पण पुढे स्वतःचा म्हणून जो निर्णय होतो त्याचा रस्ता याच अवस्थेतून जातो.

मूल्य पक्के असले तरी ते ऐन वेळी हाताशी येईलच असे नाही, हेही तुम्हाला माहीत असावे. घरी ओसरीवर शांतपणे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा जवळपास मोठ्या माणसाइतकाच नीट विचार करू शकतो. तोच मुलगा मित्रांच्या घोळक्यात असला की गणित बदलते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेरा ते सोळा वर्षांची मुले, अठरा ते बावीस वर्षांचे तरुण आणि चोवीसच्या पुढचे प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला होता. पिवळा दिवा लागल्यावर किती पुढे जायचे हे खेळणाऱ्याने ठरवायचे होते. एकटे असताना तिन्ही गट बरेचसे सारखे वागले. मित्र सोबत असताना किशोरांनी कितीतरी जास्त धोका पत्करला, तरुणांनी काहीसा अधिक, आणि प्रौढांमध्ये फारसा फरक पडला नाही. मेंदूचा जो पुढचा भाग आवर घालतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. बक्षिसाची आणि मित्रांच्या मान्यतेची ओढ निर्माण करणारी यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात सुरू होते.

यावरून मी एक व्यवहाराची गोष्ट शिकलो आहे. मूल्याचे नुसते नाव घेऊन ठेवल्याने घोळक्यात ते आठवत नाही. त्याचे एखादे ठरलेले वाक्य किंवा ठरलेली कृती करून ठेवावी लागते. परीक्षेच्या काळात मी मुलांना विचारतो की ‘दाखव ना’ असे कोणी म्हणाले तर तुझ्या तोंडून पहिला शब्द कोणता येणार. एका मुलाने स्वतःच ठरवले होते: ‘पेपर नाही दाखवत, पण आज रात्री उद्याच्या विषयाला तुझ्यासोबत बसतो.’ प्रामाणिकपणासाठी त्याला मैत्री सोडावी लागली नाही, कारण हे वाक्य त्याने आदल्या दिवशीच तयार ठेवले होते.

आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात सहसा येत नाही. आपल्याला जे मूल्य महत्त्वाचे वाटते तेच मुलाला हलवील असे नसते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी कोणत्या टपरीवर तो मिळतो हे नववीतल्या पोरांना माहीत असते. ‘कॅन्सर होतो’ हे मी त्यांना अनेक वर्षे सांगत आलो आणि ती मान डोलावत आली. चाळिशीनंतरचे आरोग्य हे पंधरा वर्षांच्या मुलाचे मूल्यच नसते. आपल्याला कोणी फसवलेले त्याला मात्र अजिबात खपत नाही. अमेरिकेतील टेक्सासमध्ये आठवीच्या मुलांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याच मुद्द्यावर आहे. काही मुलांना पौष्टिक खाण्याचे फायदे वाचायला दिले, तर काहींना खाद्यकंपन्या लहान मुलांना सवय लागावी म्हणून कशा युक्त्या करतात ते वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी खाऊ निवडताना दुसऱ्या गटाने चटपटीत, गोड पदार्थ कमी निवडले. कोणाच्या हातचे बाहुले न होणे आणि अन्यायाविरुद्ध उभे राहणे ही त्यांची स्वतःची मूल्ये होती आणि निर्णय त्यांना येऊन जोडला गेला. हे वाचल्यानंतर मी वर्गात गुटख्याविषयी बोलण्याची पद्धत बदलली. पुडी कोण विकतो, तिचा नफा कोणाच्या घरी जातो आणि दवाखान्याचा खर्च कोणाच्या घरातून होतो, एवढेच मी विचारतो. वर्ग पूर्वीपेक्षा जास्त वेळ गप्प राहतो आणि मग मुले स्वतः बोलू लागतात.

तुमची मुलगी आठवीत आहे असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, म्हणून तिच्या वयाच्या एका मुलीचे उदाहरण ओळख बदलून सांगतो, कारण ते तुमच्या मुलाच्या प्रश्नालाही लागू पडते. बीड जिल्ह्यातलीच ती मुलगी. आईवडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असल्याने त्यांचे जाणे टळणारे नव्हते. धाकट्या दोन भावंडांना सांभाळायला तिनेही सोबत जावे, असे घरात ठरत होते आणि ती त्याला तयार होती. ‘भावंडांना मी नाही बघितलं तर कोण बघणार सर’ असे ती म्हणाली. मी तिला शिक्षणाचे महत्त्व सांगू लागलो असतो तर तिच्या सगळ्यात मोठ्या मूल्यावरच घाव घातला असता, आणि ती उठून गेली असती. त्याऐवजी आम्ही एवढेच बोललो की भावंडांना बघणे म्हणजे नेमके काय. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ती दोघे सहा महिने शाळेविना राहणार. गावात आजी आहे आणि शाळेत हंगामी वसतिगृहातून जेवण मिळते. दोन दिवसांनी तिनेच आईला सांगितले की ती भावंडांना घेऊन गावातच राहील. तिचे मूल्य तसूभरही बदलले नव्हते. त्या मूल्याची मागणी काय आहे, हे मात्र तिला वेगळे दिसले. मूल्यावरून भांडू नये, त्या मूल्याला नेमके काय हवे आहे यावर बोलावे, हे मी तिच्याकडून शिकलो.

इथे एक इशारा आवश्यक आहे. मुलींच्या बाबतीत ‘आईबापाचे नाव’ हे मूल्य पुष्कळदा निर्णयाचा आभास निर्माण करते. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी लग्नाला ‘हो’ म्हणते तेव्हा तिच्यासमोर दुसरा पर्यायच ठेवलेला नसतो, आणि पर्याय नसताना दिलेला होकार हा तिचा निर्णय म्हणता येत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी लग्न लावणे गुन्हा आहे, आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कोणालाही कळवता येते.

आता वैद्यकीय की कृषी, याविषयी. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: ‘एवढी फी भरली, रान गहाण टाकायचं तेवढं राहिलं, आणि हा असं म्हणतो.’ ते वाक्य तुम्ही त्याच्यासमोरही बोलला असाल तर त्याला आता मोकळेपणाने विचार करणे कठीण झाले असेल. मराठवाड्यातल्या मुलांना घरच्या खर्चाची जाणीव करून द्यावी लागत नाही. पाऊस कधी दांडी मारतो, सोयाबीनला काय भाव मिळाला, हप्ता कोणाचा थकला, हे त्यांना सातवीपासून माहीत असते. खर्चाचा आकडा त्याला जरूर सांगा, वहीत लिहून दाखवा, पण तो माहिती म्हणून दाखवा. त्याचे कर्ज झाले की मुलगा मूल्याच्या आधारे निर्णय घेणे सोडून देतो आणि फेडीच्या आधारे घेऊ लागतो. काही मुले फेडीच्या ओझ्याने नको त्या अभ्यासक्रमाला चिकटून राहतात, काही त्याच ओझ्यापासून पळतात.

त्याचा हा निर्णय मूल्यातून आला आहे की भीतीतून, हे ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे. मूल्य माणसाला कशाकडे तरी ओढते, तर भीती कशापासून तरी ढकलते. ‘नीट का नको’ याचेच उत्तर त्याच्याकडे भरपूर असेल आणि ‘कृषी का हवी’ यावर तो दोन वाक्यांत थांबत असेल, तर सराव परीक्षांचे गुण आधी पाहा. बहुधा दहावीत पहिला येणारा मुलगा तिथे दोनशेवा आला आहे आणि त्याचा धक्का त्याला बसला आहे. तो मातीबद्दल, बियाण्याबद्दल, पाण्याबद्दल, मामाच्या किंवा तुमच्या रानात काय चुकते आहे याबद्दल बोलत असेल, तर ती ओढ खरी असण्याची शक्यता मोठी आहे. भीतीचा निर्णय ‘आजच’ हवा असतो. ओढ थोडी वाट पाहू शकते.

आणि वाट पाहायला वाव आहे. अकरावी-बारावीला जीवशास्त्र असलेल्या विद्यार्थ्याला नीटही देता येते आणि कृषी पदवीच्या प्रवेशासाठी लागणारी एमएचटी-सीईटीही देता येते, म्हणजे आज कोणतेही दार बंद करण्याची गरज नाही. बारावीच्या मध्यापर्यंत दोन्ही परीक्षांचा अभ्यास बराचसा एकत्रच चालतो. हे त्याला सांगितले तरी निम्मा ताण उतरेल, असा माझा अनुभव आहे. त्याआधी त्याने परभणीला एकदा स्वतः जाऊन यावे, तिथे शिकणाऱ्या दोन मुलांशी बोलावे, चार वर्षांत काय शिकवतात आणि नंतर कोणती कामे मिळतात हे स्वतः विचारून आणावे. वडिलांनी सोबत जाऊ नये. परत आल्यावर त्याने काय विचारले हे ऐका. प्रश्नांवरून ओढ किती खोल आहे हे उत्तरांपेक्षा जास्त कळते.

मात्र तो रात्र-रात्र झोपत नसेल, जेवण सुटले असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचे काही बोलत असेल, तर हा मूल्यांचा आणि निर्णयांचा विषय तूर्त बाजूला ठेवा, त्याला एकटे राहू देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे, तो चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.

दिवाळीला तो घरी येईल तेव्हा पहिल्या दिवशी काहीच विचारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वडिलांनी त्याला सकाळी रानात सोबत न्यावे. या वयाची मुले समोर बसवले की गप्प होतात आणि हाताला काम असले की बोलतात. वडिलांनी आधी स्वतःच्या आयुष्यातला एक निर्णय सांगावा, ज्यात दोन्ही बाजू बरोबर वाटत होत्या आणि एक सोडावी लागली होती. काय सोडले आणि ते अजून आठवते का, हेही सांगावे. मित्राचे नाव विचारू नये, आणि त्या मुलाच्या घरी किंवा वसतिगृहात ही गोष्ट तुमच्या मुलाला न विचारता बोलू नये. मेसच्या ३,००० रुपयांचे पुढे काय करायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे. मग जानेवारीचा फीचा हप्ता भरायच्या आधी तुम्ही तिघांनी पुन्हा एकदा बसावे, आणि त्या बैठकीत पहिल्यांदा त्याला बोलू द्यावे.